वाडा थंड, फ्लॅट तापलेला: नाशिकची रात्र घरात कशी घ्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाथर्डी फाट्याकडे पाच मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे आणि झोपायची खोली पश्चिमेला आहे. एप्रिल लागला की रात्री अकरापर्यंत त्या खोलीत पाठ टेकवत नाही. आई सांगतात, जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळच्या तुमच्या वाड्यात भर मे महिन्यात दुपारी माजघरात गाढ झोप लागायची. तो वाडा आता मोडकळीला आला आहे आणि भावंडं मिळून तिथे नवं घर बांधायचं चाललंय. तुम्ही विचारता, वाडा दगड-मातीमुळे थंड होता का, नव्या घराला तशाच जाड भिंती घ्याव्यात का, आणि तोवर फ्लॅटचं काय करायचं.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं घरांचे आराखडे करतोय, जुन्या वाड्यांच्या दुरुस्त्याही त्यात आल्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाड्याच्या थंडाव्याचं श्रेय आपण दगडाला देतो, पण दगड एकटा घर थंड ठेवत नाही. दिवसभर उन्हात पडलेला काळा बसाल्ट किती ऊन साठवतो, ते मे महिन्यात रात्री आठ वाजता गोदाघाटाच्या पायऱ्यांवर बसलं की अंगाला कळतं. वाडा थंड राहायचा तो नाशिकच्या रात्रीमुळे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, उन्हाळ्यात हवा कोरडी असते आणि आकाश निरभ्र असतं. त्यामुळे दुपारी पारा ३८-४० अंशांवर गेला तरी पहाटे तो २०-२२ पर्यंत उतरतो. मुंबईत मे महिन्यात दुपार ३४ ची असली तरी पहाट २७ ची असते, तिथे रात्रीकडून फारसं काही मिळत नाही. नागपूरची मे महिन्यातली रात्रही २८ च्या आसपास असते. सोळा-अठरा अंशांचा हा रोजचा उतार म्हणजे नाशिकला मिळालेलं धन आहे. जे घर रात्री उघडून ही थंडी आत घेतं आणि सकाळी दारं लावून ती धरून ठेवतं, ते दुपारी बाहेरच्यापेक्षा सात-आठ अंशांनी थंड राहू शकतं, तेही विजेशिवाय. आपल्या नव्या इमारती मात्र मुंबईच्या नकाशावर बेतलेल्या असतात: पातळ भिंती, मोठ्या काचा, सपाट स्लॅब. मुंबईत चोवीस तास वारा हवा असतो, तिथे त्यातलं काही चालून जातं. इथे त्याच घरात दुपारचं ऊन साठतं आणि रात्रीची थंडी बाहेरच राहते.

आता वाडा कसा चालायचा ते पाहू. पहिलं काम सावलीचं. रस्त्याकडची भिंत जवळजवळ बंद, खिडक्या लहान आणि खोल. गल्ली इतकी अरुंद की समोरच्याची सावली आपल्या भिंतीवर आणि आपली समोरच्याच्या. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक, म्हणजे त्यांना ऊन माहीतच नाही. आत चौकाभोवती ओसरी, ओसरीच्या मागे सोपा, त्याच्या मागे माजघर. माजघरापर्यंत ऊन कधी पोचतच नसे. घडीव दगडाचं जोतं आणि वर दोन-अडीच फुटांच्या दगड-विटा-मातीच्या भिंती यांचं खरं महत्त्व या सावलीनंतर येतं. फूटभर जाडीच्या विटेच्या भिंतीतून उष्णता आतल्या बाजूला पोचायला आठ-नऊ तास लागतात. दोन-अडीच फुटांत तर दिवस-रात्रीचा चढउतार आतपर्यंत जाणवतसुद्धा नाही. त्यातून भिंत मुळात सावलीत असेल तर ती दिवसभर रात्रीचा गारवाच जपते.

छताचीही तीच गोष्ट. वर कौलं, त्याखाली मोकळा माळा, त्याखाली कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, आणि कडीपाटावर मातीचा थर. कौलं तापायची, पण माळ्यातली गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची आणि उरलेली झळ मातीचा थर अडवायचा. खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तापलेलं छत कधीच नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, फ्लॅटचं सगळं दुखणं तिथेच आहे.

दुसरं काम रात्रीचं. सूर्य मावळला की चौकातली फरशी आणि वरची कौलं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडायला लागतात. आकाश कोरडं आणि निरभ्र असलं की हे फार जोरात होतं. थंड झालेली हवा जड होऊन चौकात उतरते, ओसरीतून खोल्यांत शिरते, आणि खोल्यांतली गरम हवा जिन्याने, माळ्याने वर निघून जाते. पहाटेपर्यंत घराच्या भिंती, जमीन, खांब सगळं गार झालेलं असे. मग सकाळी ऊन चढायच्या आत दारं-खिडक्या ओढून घ्यायच्या. संध्याकाळी चौकात पाण्याचा सडा. कुठे वाळ्याचे पडदे. हे तुमच्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं, रोजची सवय होती.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वाड्यात माणसं तासातासाला जागा बदलायची. दुपार माजघरात, संध्याकाळ ओसरीवर, रात्र चौकात, गच्चीवर किंवा माडीवर. थंडीत सकाळी कोवळ्या उन्हासाठी पुन्हा चौकात. घराचा जो भाग ज्या वेळी सुखाचा, तिथे अंथरूण. आज खोलीचं नाव पलंग ठरवतो आणि पलंग हलत नाही. पश्चिमेच्या खोलीत रात्री दहा वाजता झोपणं हे नाशिकच्या एप्रिलमध्ये सगळ्यात वाईट वेळी सगळ्यात वाईट जागी झोपणं आहे. शक्य असेल तर या दोन महिन्यांसाठी गादी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत हलवा. खर्च शून्य, आणि फरक त्याच रात्री कळेल.

वाड्याचं कौतुक करताना तिथलं स्वयंपाकघर मात्र विसरू नये. धुराने काळवंडलेली, एका झरोक्याची ती खोली दुपारी भट्टीसारखी असायची आणि घरातल्या बायकांचा निम्मा दिवस तिथेच जायचा. खालच्या खोल्यांना पावसाळ्यात ओल, आत अंधार. २०१६ आणि २०१९ च्या पुरात गोदाकाठच्या जुन्या घरांनी काय सोसलं ते आपण पाहिलंच आहे. म्हणून वाडा जसाच्या तसा पुन्हा उभा करा, असं मी सांगणार नाही. त्याचं काम कसं चालायचं तेवढं घ्यायचं.

हीच समज किती जुनी आहे ते पाहायचं असेल तर पाथर्डी फाट्याहून जवळच असलेल्या पांडवलेण्यांत एप्रिलमधल्या दुपारी तीनला जा. त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर अंगाला ही लेणी एका ओळीत खोदली आहेत. पाठीशी डोंगर, म्हणून दक्षिणेचं ऊन नाही. समोर ओसरी, आत दालन, त्याला लागून भिक्षूंच्या खोल्या, आणि जवळच कातळात कोरलेली पाण्याची टाकी. डोंगराच्या पोटातल्या खडकाचं तापमान वर्षभर पंचविशीच्या आसपास राहतं, म्हणून आत पाऊल टाकताच गारवा लागतो. पावसाचा नैर्ऋत्येचा मारही पाठीमागून येतो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही जागा निवडली त्यांना सूर्य आणि वारा नीट ठाऊक होता.

आता तुमचा फ्लॅट. रात्री नऊ वाजता खुर्चीवर उभं राहून छताला तळहात लावा. मग पश्चिमेच्या भिंतीला लावा, मग पूर्वेच्या. कोणती बाजू किती तापली आहे ते हातच सांगेल. (करोनाच्या काळात घेतलेली थर्मामीटर गन घरात पडून असेल आणि तिच्यात वस्तूचं तापमान मोजायची सोय असेल तर आकडाही मिळेल.) वरच्या मजल्यावर बहुतेक वेळा छत पहिलं येतं. मे महिन्यात दुपारी सूर्य नाशिकच्या अगदी डोक्यावर असतो. आपण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणजे २१ मेच्या आसपास तो बरोबर माथ्यावर येतो, आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात. तेव्हा भिंतींना दुपारी ऊन फारसं लागत नाही, सगळा मारा छतावर. उघड्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग ५५-६० अंशांपर्यंत जातो. पाच इंच काँक्रीट आणि त्यावर चार-पाच इंचांचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर), यातून ती उष्णता खालच्या बाजूला यायला सहा-सात तास लागतात. दुपारी दोनचं ऊन रात्री आठ-नऊला तुमच्या पलंगावर उतरतं ते असं. बाहेर हवा २८ वर आलेली असते आणि छत अजून ३८-४० वर. वर पंखा लावला की तो छताखालची गरम हवाच खाली ढकलतो. अंगाला वाटणारा उकाडा हवेइतकाच भोवतालच्या पृष्ठभागांवरून येतो, हे कळलं की उपाय कुठे करायचा तेही कळतं.

उपाय छताच्या वरच्या बाजूने. ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच अडवायचं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पांढरा रंग. चुन्यात फेव्हिकॉलसारखं चिकटद्रव्य मिसळून गच्चीला दोन हात दिले की स्लॅबचा पृष्ठभाग दहा-पंधरा अंशांनी खाली येतो. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून हे दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा करावं लागतं. चांगला रिफ्लेक्टिव्ह रंग तीन-चार वर्षं टिकतो, पण धूळ बसली की त्याचं काम कमी होतं, मधूनमधून गच्ची धुवावी लागते. वॉटरप्रूफिंग नव्याने करायचंच असेल तर वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करून घ्या, आपल्या भागातल्या जुन्या कारागिरांना ते उत्तम येतं. सोसायटीची खर्चाची तयारी असेल तर स्लॅबवर दोन इंच एक्स्ट्रुडेड थर्माकोलचा इन्सुलेशन बोर्ड, वर स्क्रीड, म्हणजे सिमेंटचा सपाट थर, आणि पांढऱ्या टाइल्स. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छतातून उष्णता वाहण्याची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला दर अंशामागे १.२ वॅट ठरवली आहे. उघडा स्लॅब तीनाच्या वर जातो. दोन इंची बोर्डने तोच अर्ध्या वॅटच्या आसपास येतो. एवढा मोठा फरक घरातल्या दुसऱ्या कुठल्याही एका कामाने पडत नाही.

गच्चीवर पत्रे टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. पत्र्याची शेड म्हणजे दुसरं छप्पर. ती चारही बाजूंनी मोकळी असेल, पत्रा फिकट रंगाचा असेल आणि खाली वारा खेळत असेल तर ती चांगलं काम करते. बाजू बंद केल्या की तीच भट्टी होते आणि स्लॅब आणखी तापतो. महापालिकेची परवानगी लागते, ते आधी पाहा. त्यापेक्षा छतावर सोलर पॅनेल घ्या म्हणेन. पॅनेल स्लॅबपासून उचललेले असतात, खालून वारा जातो, सावली पडते आणि वीज मिळते ती वेगळी.

गच्ची सोसायटीची असते, सगळे लगेच तयार होत नाहीत. मग लोक आतून जिप्समचं फॉल्स सीलिंग करतात. तापलेला स्लॅब थेट अंगावर येत नाही एवढा त्याचा फायदा आहे. पण उष्णता घरात शिरून चुकलेली असते, पंखा खाली येतो आणि खोली बुटकी होते. सोसायटी अगदीच ऐकत नसेल तरच हा पर्याय घ्या. त्याआधी वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून निदान आपल्या डोक्यावरची गच्ची पांढरी करायची परवानगी मागावी. त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

पश्चिमेची खिडकी हा दुसरा मुद्दा, आणि इथे मोजमाप सांगतो, कारण छज्जा आहे म्हणजे सावली आहे असं बांधणारेही धरून चालतात. मे महिन्यात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३४ अंश वर असतो, साडेपाचला २० अंश. दीड फुटाचा छज्जा साडेचारला चार फूट उंच खिडकीच्या वरच्या फूटभर भागावरच सावली टाकतो, साडेपाचला अर्धा फूट. उरलेली साडेतीन फूट काच उघड्या उन्हात. म्हणजे पश्चिमेला आडवा छज्जा कितीही वाढवला तरी पुरत नाही, उभा आडोसा लागतो. बाहेरून सोडायची बांबूची चिक, उभ्या फळ्या, जाळी, हिरवं नेट, वेल, काहीही चालेल, पण काचेच्या बाहेर. आतला जाड पडदा प्रकाश अडवतो. काच ओलांडून आत आलेली उष्णता मात्र खोलीतच राहते. मे-जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला मावळतो, म्हणून वायव्येची खिडकी संध्याकाळी का तापते असं वाटलं तर तेच कारण.

उलट दक्षिण. दक्षिणेला खिडकी नको म्हणणारे खूप भेटतात. श्रद्धा ज्याची त्याची, पण सूर्याचा हिशेब वेगळा आहे. एप्रिलच्या मध्यावर दुपारी सूर्य ८० अंशांवर असतो, दीड फुटाचा छज्जा दक्षिणेची पूर्ण खिडकी सावलीत ठेवतो. डिसेंबरमध्ये तो ४६-४७ अंशांवर उतरतो आणि त्याच छज्ज्याखालून ऊन खोलीत आत येतं. आपल्याकडे निफाडला पारा पार खाली जातो आणि शहरातही पहाटे दहाच्या आत येतो. अशा हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीसारखा शेक नाही. एका साध्या छज्ज्याने उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सांभाळणारी ही एकच दिशा आहे. नव्या घरात तिला घाबरू नका.

आता रात्रीचा वारा. छत आणि पश्चिम सांभाळली तरी रात्री थंड हवा आत आली नाही तर भिंती गार होत नाहीत. संध्याकाळी सातला डासांसाठी खिडक्या लागतात आणि सकाळी सातला उन्हात उघडतात, हे आपल्या बहुतेक फ्लॅटमधलं चित्र आहे. हवं ते बरोबर उलट. बाहेरची हवा घरातल्यापेक्षा थंड झाली, म्हणजे साधारण साडेआठ-नऊनंतर, की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या आणि सकाळी आठच्या सुमारास बंद करायच्या. यासाठी प्रत्येक खोलीला डासांची जाळी आणि भक्कम ग्रील लागते. मुख्य दाराला जाळीचं दुसरं दार लावलंत तर जिन्याकडून हवा खेचली जाते. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीची निम्मी बाजूच उघडते, त्यात जाळी आली की वारा आणखी कमी होतो. म्हणून नव्या घरात झडपांच्या, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या घ्या आणि वर झरोके ठेवा. गरम हवा वर जमते, तिला वरूनच वाट हवी. फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या खोलीत एक्झॉस्ट पंखा बसवून रात्री नऊ ते बारा चालवला आणि पूर्वेची खिडकी उघडी ठेवली, तर भिंतीतली उष्णता बऱ्यापैकी बाहेर जाते. खर्च अगदी किरकोळ.

आपल्याच जिल्ह्यात याचं उत्तम उदाहरण उभं आहे, कांदा चाळ. लासलगाव-निफाडकडे जाताना पाहा. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, तळाला फटी, भिंती बांबूच्या किंवा पट्ट्यांच्या, रुंदी मोजकी, म्हणजे वारा आरपार जावा. छपराला पुढे काढलेल्या पागोळ्या, म्हणजे उन्हाची तिरीप कांद्यावर पडू नये. छताला लोखंडी पत्रा टाळतात, कारण तो तापून आतला माल खराब होतो. शेतकऱ्याला ठाऊक आहे की खालून हवा आली आणि वरून गेली तरच कांदा टिकतो. हा विचार आपल्या माणसांच्या घरांनाही लागू आहे, आणि घराचा नकाशा करताना तो व्हायला हवा असं मला फार वाटतं.

एसी आणि कूलरचं थोडक्यात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नाशिकमध्ये कूलर चांगला चालतो, मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. जूनमध्ये ढग आले की तो बंद करा. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल तर एसी जरूर घ्या. पण आधी छताचं काम करा, मग लहान एसी पुरेल. एसी खोलीतून जितकी उष्णता काढतो ती, आणि स्वतःच्या विजेची, सगळी बाहेर टाकतो. अरुंद डक्टमध्ये आठ घरांची युनिट्स असली की चौथ्या मजल्यावरच्याला खिडकी उघडताच येत नाही.

इथून गोष्ट घराबाहेर जाते. शहर तापतं म्हणजे मुख्यतः शहराची रात्र तापते. डांबर, काँक्रीट, काचा दिवसभर ऊन पितात आणि रात्री सोडतात. उघड्या शेताची जमीन तोवर गार झालेली असते. गंगापूरकडच्या मळ्यात आणि सिडकोच्या दाट वस्तीत रात्री दहाला दुचाकीवरून जा, अंगाला फरक कळेल. नाशिकची रात्र गेली तर वर सांगितलेले निम्मे उपाय निरुपयोगी होतील. म्हणून झाडं, नदी आणि नाले यांचा प्रश्न मला बांधकामाचाच प्रश्न वाटतो. उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा गोदावरीच्या खोऱ्यातून आनंदवल्ली, रामवाडी, रामकुंड, तपोवन असा शहरात उतरतो. नासर्डी आणि वाघाडी हे नाले म्हणजे त्याचेच फाटे. काठाला उंच भिंतींसारख्या इमारती उभ्या केल्या आणि पात्राचा तळ काँक्रीटचा केला की वारा अडतो आणि पाण्याकाठी मिळणारा गारवाही जातो. वडाखालची जमीन आणि शेजारचं उघडं डांबर यांच्यात दुपारी वीस अंशांचा फरक सहज असतो. २०२५ मध्ये कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायला नाशिककरांनी विरोध केला. त्यात भावना होतीच, पण त्यामागे हेही पक्कं कारण आहे. लावलेल्या रोपाला वडाची सावली द्यायला एक पिढी लागते.

आणि एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही म्हणून लिहितो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा माणूस सकाळी घरी येऊन दुपारी झोपतो, आणि त्याचं घर पुष्कळदा पत्र्याच्या छताची एक खोली असतं. दुपारी दोनला पत्र्याखाली झोप म्हणजे काय, याची कल्पना करा. अशा खोलीला पांढरा रंग आणि पत्र्याखाली फूटभर जागा सोडून बांबूच्या चटईचं छत एवढं केलं तरी दोन-चार अंश उतरतात. अहमदाबादने २०१३ पासून उष्णतेचा आराखडा राबवला आणि पुढे वस्त्यांची छतं पांढरी केली, तेलंगणने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच आणलं. नाशिकमध्ये हे काम वॉर्डावॉर्डाने सुरू व्हायला हवं, त्याला मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

शेवटी तुमचं नवं घर. सगळ्या भिंती जाड घेऊ नका. दिवसा वापरायच्या खोल्या जड हव्यात आणि रात्री झोपायच्या खोल्या हलक्या. तळमजल्यावर बैठक आणि आईंची दुपारची खोली नऊ इंची विटेच्या किंवा तुमच्याच वाड्याच्या दगडाच्या भिंतींची, कोटा किंवा शहाबादी फरशीची. वरच्या मजल्यावर झोपायच्या खोल्या, त्यावर कौलांचं उतरतं छप्पर आणि खाली लाकडी किंवा बोर्डाचं छत, बाजूला पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या. असं हलकं छप्पर दिवसा तापतं, पण रात्री नऊपर्यंत गारही होतं. तिथे दिवसा कुणी बसत नाही, त्यामुळे बिघडत नाही. जिना, न्हाणीघर, संडास, कोठी पश्चिमेला टाका, ती जागा ऊन झेलेल. पश्चिमेची बाहेरची भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) घ्या किंवा विटेच्या दोन थरांमध्ये दोन इंच पोकळी ठेवून बांधा. साइटवर जिला मायवान म्हणतात ती सलग काँक्रीटची भिंत घेऊ नका, ती स्लॅबसारखीच तापते.

गावठाणातला प्लॉट अरुंद आणि खोल असतो, म्हणून चौक सोडायला सगळे नाराज असतात, जागा वाया जाते म्हणतात. दहा-बारा फुटांचा तरी चौक सोडाच. तो नसेल तर मधल्या खोल्यांना रात्रीची हवा कुठूनही मिळणार नाही. पावसासाठी वर छप्पर लागेल, पण पॉलिकार्बोनेटची पेटी करून तो बंद करू नका, आजकाल बहुतेक चौक असेच मारले जातात. छप्पर भिंतीपेक्षा दोन फूट उचला, चारही बाजू जाळी लावून मोकळ्या ठेवा, आणि मे महिन्यात माथ्यावरच्या उन्हासाठी खाली ओढायचं कापड असू द्या. सागाचे खांब, तुळया आणि घडीव चिरे उतरवताना नंबर टाकून ठेवा, जोत्याला आणि ओसरीला ते पुन्हा वापरता येतात.

वाडा पाडायच्या आधी, तो अजून सुरक्षित असेल तर, एप्रिलमध्ये आठवडाभर एक काम करा. साधे तीन थर्मामीटर आणा. एक माजघरात, एक ओसरीवर, एक माडीवर टांगा, आणि सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री दहा असे आकडे वहीत लिहा. त्याच वेळी फ्लॅटमध्येही एक ठेवा. चौकाची लांबी-रुंदी, भिंतींची उंची, कोणत्या खोलीत कधी वारा लागतो, दुपारी ऊन कुठपर्यंत येतं, हे आईंना विचारून त्याच वहीत टिपा. ती वही नकाशा काढणाऱ्याच्या हातात पहिल्या भेटीतच द्या, म्हणजे खोल्या कुठे टाकायच्या ही चर्चा त्या आकड्यांवरून सुरू होईल.